दुकानदारांनी जुन्या बाजाराकडून काय शिकावे?

जुनी वस्तू विकणे-घेणे हा प्रकार आपल्याकडे नवा नाही. दारात बोहारीण यायची, चार जुन्या साड्या आणि दोन पँटी घेऊन एक स्टीलचा डबा द्यायची, आणि तो डबा तिच्याकडून काढून घेईपर्यंत अर्धी दुपार जायची. पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, मुंबईला चोर बाजार आहे. आता तोच व्यवहार फोनवर आला आहे. फोटो काढायचा, दोन ओळी लिहायच्या, किंमत टाकायची आणि वाट बघायची. या प्रकाराकडे आपली मोठी दुकानदार मंडळी भंगारवाल्याकडे बघावे तसे बघतात. मला मात्र वाटते की दुकान कसे चालवावे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे कुठे थांबावे, हे शिकायचे असेल तर या जुन्या वस्तूंच्या साध्यासुध्या संकेतस्थळांइतका चांगला वर्ग दुसरा नाही.

मैत्रिणींनो, हसू नका. मी हे गृहिणी म्हणून लिहिते आहेच, पण सांगलीत बी.कॉम. झाले आणि लग्नानंतर तीस वर्षे सासरच्या भांड्यांच्या दुकानाचा रोजमेळ लिहिला, त्या अधिकारानेही लिहिते आहे.

या संकेतस्थळांची थोरली बहीण म्हणजे अमेरिकेतली क्रेग्सलिस्ट. मी ती पहिल्यांदा पाहिली २०१६ साली, मुलीकडे फ्रीमाँटला गेले होते तेव्हा. मुलीने घर नुकतेच बदलले होते आणि जेवणाचे टेबल हवे होते. तिने संगणक उघडला तर समोर काय, पांढऱ्या पानावर निळ्या अक्षरांची रांग. चित्र नाही, हलणारी जाहिरात नाही, ‘आज फक्त तुमच्यासाठी’ नाही. एकेका शब्दावर बोट ठेवले की पुढची यादी. मला वाटले पान अर्धवट उघडले आहे. मुलगी म्हणाली, ‘‘आई, हे असंच आहे. वीस वर्षं असंच आहे.’’

ते खरेच निघाले. क्रेग न्यूमार्क नावाच्या संगणक जाणणाऱ्या माणसाने १९९५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत आपल्या ओळखीच्या लोकांना ईमेल पाठवायला सुरुवात केली. गावात कुठे काय कार्यक्रम आहे, एवढेच त्यात असे. लोक मग आपणहून त्यात नोकऱ्यांची, भाड्याच्या घरांची, विकायच्या वस्तूंची माहिती घालू लागले. १९९६ मध्ये त्याचे संकेतस्थळ झाले, १९९९ मध्ये रीतसर कंपनी झाली, आणि २००० पासून जिम बकमास्टर हे तिचे प्रमुख आहेत. इतक्या मोठ्या देशाच्या शहराशहरांतला व्यवहार या कंपनीने वर्षानुवर्षे पन्नासच्या आसपास माणसांत चालवला. आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या साडीच्या दुकानात त्याहून जास्त माणसे नुसती घड्या घालायला असतात.

आता त्या पानाविषयीच आधी बोलते, कारण मला त्याचे सर्वांत जास्त कौतुक आहे. माझ्या बँकेचे फोनवरचे पान गेल्या दोन वर्षांत किती वेळा बदलले याची मोजदाद मी सोडून दिली आहे. शिल्लक बघायचे बटण कधी वर, कधी खाली, कधी एका गोल चित्रात लपलेले. प्रत्येक वेळी ‘नवा, सुंदर अनुभव’ म्हणून अभिनंदन माझेच. माझ्या वयाच्या बाईला सुंदर अनुभव नको असतो, काल जिथे बटण होते तिथे आज ते हवे असते. किराणा दुकानात तूरडाळीचा डबा रोज जागा बदलू लागला तर मालकालाही सापडणार नाही. क्रेग्सलिस्टवर वीस वर्षांपूर्वी सोफा विकलेली बाई आज परत आली तरी तिला कुणाला विचारावे लागत नाही. यात त्यांचा आळस आहे असे म्हणणारे पुष्कळ आहेत. मला तो गिऱ्हाइकाचा मान ठेवणे वाटते. त्याला शिकवायला बसवायचे नाही, त्याचे काम होऊ द्यायचे आणि त्याला घरी जाऊ द्यायचे.

पैसे कोणाकडून घ्यायचे, हा दुसरा धडा. घरातला सोफा, सायकल, पाळणा विकणाऱ्याकडून ते काही घेत नाहीत. फुकट द्यायच्या वस्तूंचा तर वेगळा विभागच आहे. खुर्ची रस्त्याच्या कडेला ठेवली आहे, जो आधी येईल त्याने न्यावी, अशा जाहिराती मी स्वतः पाहिल्या. पैसे लागतात ते नोकरीची जाहिरात देणाऱ्या कंपनीला, न्यूयॉर्कमध्ये भाड्याच्या घरांची जाहिरात देणाऱ्या दलालाला, गाड्यांच्या व्यापाऱ्याला. २०१९ पासून स्वतःची गाडी विकणाऱ्यालाही ५ डॉलर द्यावे लागतात. म्हणजे ज्याला त्या जाहिरातीतून मोठी कमाई किंवा मोठी रक्कम मिळायची आहे, त्याने थोडे द्यावे. बाकीच्यांनी गर्दी करावी, कारण गर्दी आहे म्हणूनच त्या थोड्यांना पैसे द्यावेसे वाटतात.

आमच्या मार्केट यार्डात हे सगळ्यांना कळते. हळद घेऊन शेतकरी येतो, पेढीवर उतरतो, चहा पितो, त्याचे कोणी बिल करत नाही. अडत सौद्यावर. पण आपल्याकडच्या फोनवरच्या दुकानांचे उलटे चालले आहे. दीडशे रुपयांचे जेवण मागवले की त्यावर मंचाचे शुल्क, हाताळणीचे शुल्क, पावसाचे शुल्क. सिनेमाचे तिकीट काढले की ‘सोयीचे’ शुल्क. सोय कोणाची झाली? तिकीटखिडकीवरच्या माणसाचा पगार वाचला त्याची. रोजमेळात मी जर गिऱ्हाइकाच्या नावे ‘दुकानात आल्याबद्दल ५ रुपये’ असे लिहिले असते तर सासऱ्यांनी वही हातातून काढून घेतली असती.

आणि मग वस्तूबद्दल खरे बोलणे. याची मला खरी गोडी लागली ती त्या जाहिराती वाचताना. मुलीने घेतलेल्या टेबलाच्या जाहिरातीत पाच फोटो होते. त्यातला एक फोटो गरम भांडे ठेवल्याने पडलेल्या गोल डागाचा होता, जवळून काढलेला. खाली लिहिले होते की एक पाय थोडा हलतो, खाली कागदाची घडी घातली की ठीक, घरात कोणी सिगारेट ओढत नाही, मांजर आहे. टेबल बघायला गेलो तेव्हा डाग होता तिथेच होता, पाय हलत होता, मांजर दारात बसली होती. मुलीने घासाघीस केलीच नाही. करायला उरले काय होते? सगळी वजाबाकी विकणारीनेच आधी करून ठेवली होती.

जुन्या मालाच्या बाजारात लपवाछपवी झाली की काय होते यावर एका अर्थतज्ज्ञाने फार सुंदर लिहून ठेवले आहे. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावर निबंध लिहिला. त्याचे सार आपल्या भाषेत असे. विकणाऱ्याला गाडीचे दोष ठाऊक असतात, घेणाऱ्याला नसतात. म्हणून घेणारा प्रत्येक गाडी सरासरी दर्जाचीच असेल असे धरून तेवढीच किंमत सांगतो. त्या किमतीत चांगल्या गाडीचा मालक गाडी विकायलाच आणत नाही. मग बाजारात उरतात त्या खराब गाड्याच, आणि किंमत आणखी खाली येते. या आणि अशा कामासाठी त्यांना २००१ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. आमच्या बी.कॉम.ला हे नव्हते. असते तर मागणी-पुरवठ्याचे ते दोन वाकडे आलेख मला जास्त लवकर कळले असते.

डागाचा फोटो टाकणारी ती बाई या दुष्टचक्रातून बाहेर पडते, एक पैसा न खर्चता. तिने एक दोष सांगितला की तिच्या बाकीच्या शब्दांवर विश्वास बसतो. मोठ्या दुकानांना हे का जमत नाही? त्यांच्या पानावर प्रत्येक वस्तू ‘उत्कृष्ट’, ‘प्रीमियम’, चार तारे आणि वर अर्धा. कुकरची शिट्टी बारीक आवाजाची आहे, या मिक्सरच्या छोट्या भांड्यात ओली चटणी नीट होत नाही, हे कंपनीला पहिल्या दिवसापासून ठाऊक असते. ते पानावर लिहिले तर चार गिऱ्हाइके जातील आणि चाळीस परत पाठवणारी वाचतील. माल परत येण्याचा खर्च ज्याने वहीत लिहिला आहे त्यालाच हे कळेल.

आपल्या धर्मात याचा विचार किती बारकाईने झाला आहे हे या निमित्ताने सांगावेसे वाटते. अचौर्य अणुव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत त्यांत प्रत्यक्ष चोरी नाहीच, ती तर व्रतभंगच. अतिचार कोणते? दुसऱ्याला चोरीला लावणे, चोरून आणलेला माल घेणे, राज्याचे नियम डावलून व्यापार करणे, मापात कमीजास्त करणे, आणि अस्सलाच्या नावाखाली हलके देणे. जुन्या वस्तूंच्या बाजाराला जे रोग होतात त्यांची ही जवळजवळ पुरी यादी आहे. स्वस्तात नवाकोरा फोन मिळतो आहे, बिल नाही, डबा नाही, तर तो कुठून आला हे न विचारता घेणारा ‘मी कुठे चोरी केली’ असे म्हणू शकत नाही.

आता थांबण्याविषयी. २००६ मध्ये न्यूयॉर्कला एका परिषदेत शेअर बाजारातले विश्लेषक बकमास्टर यांना विचारत होते की तुमच्या पानावर इतकी गर्दी, मग जाहिराती लावून नफा वाढवत का नाही? त्यांचे उत्तर साधारण असे होते की जास्तीत जास्त नफा काढणे हे आम्ही ठरवलेलेच नाही, आणि वापरणाऱ्यांनी जाहिराती मागितलेल्या नाहीत. विश्लेषक बुचकळ्यात पडले. मला वाचताना परिग्रह-परिमाण आठवले. आपल्याकडे शेत, घर, सोने, धान्य, अगदी भांडीकुंडीसुद्धा किती ठेवायची याचा आकडा आधी ठरवतात. मिळून झाल्यावर ‘आता पुरे’ म्हणणे आणि मिळण्याच्या आधी ‘इतकेच’ म्हणणे यांत फार अंतर आहे. ही माणसे काही संन्यासी नव्हेत हेही सांगते. न्यूमार्क चांगले श्रीमंत आहेत. छोट्या जाहिरातींचे उत्पन्न त्यांच्या संकेतस्थळाने वर्तमानपत्रांकडून ओढून घेतले अशी तक्रार वर्षानुवर्षे होत आली, आणि २०१८ मध्ये त्यांनीच न्यूयॉर्कच्या सरकारी विद्यापीठातल्या पत्रकारितेच्या शाळेला २ कोटी डॉलर दिले. त्या शाळेला आता त्यांचे नाव आहे. याला प्रायश्चित्त म्हणायचे की दान, ते ज्याने त्याने ठरवावे.

पण ‘इतकेच’ म्हणायला मालकी आपल्या हातात लागते, आणि इथेच माझ्यातली बी.कॉम. जागी होते. २००४ मध्ये क्रेग्सलिस्टच्या एका जुन्या भागधारकाने आपला सुमारे २८ टक्के हिस्सा ईबे या बड्या कंपनीला विकला. ईबेचा माणूस संचालक मंडळात बसला. तीन वर्षांनी, २००७ मध्ये, ईबेने अमेरिकेत किजीजी नावाचे स्वतःचे तसेच संकेतस्थळ सुरू केले. म्हणजे भागीदार आपल्याच गल्लीत समोर दुकान थाटून बसला, आणि आपल्या वह्या बघायचा हक्कही त्याला आहे. मग न्यूमार्क आणि बकमास्टर यांनी २००८ मध्ये नियम बदलून ईबेचा हिस्सा २५ टक्क्यांच्या किंचित खाली आणला, आणि ईबेला आणखी शेअर जमवणे अवघड जाईल अशी तरतूद केली. प्रकरण डेलावेअरच्या न्यायालयात गेले. २०१० च्या निकालात न्यायालयाने हिस्सा कमी करण्याची युक्ती आणि शेअर जमवण्यावरची अडवणूक दोन्ही रद्द केल्या. संचालकांच्या मुदती टप्प्याटप्प्याने ठेवण्याची पद्धत तेवढी टिकली. न्यायालयाचे म्हणणे थोडक्यात असे होते की तुम्ही नफ्यासाठीची कंपनी काढली, बाहेरचा भागधारक आत आला, आता ‘आम्हाला नफा नको, समाजसेवा करायची आहे’ हे कारण त्याच्याविरुद्ध वापरता येणार नाही. शेवटी २०१५ मध्ये कंपनीने ईबेचा हिस्सा परत विकत घेतला तेव्हा सुटका झाली.

घरगुती धंदा चालवणाऱ्या प्रत्येकाने हा खटला वाचावा असे मला वाटते. भाऊबंदांत भागीदारीचा करार करताना आपण नफ्याचे आणे-पैसे लिहितो. एखाद्याने आपला हिस्सा बाहेरच्याला विकायचे ठरवले तर आधी कोणाला विचारायचे, आणि हे दुकान कशासाठी आहे, हे कोणी लिहीत नाही. ‘आपलेच तर आहेत’ म्हणतो. क्रेग्सलिस्टमध्येही तो हिस्सा आधी आपल्याच माणसाकडे होता.

या गोष्टीचे एक टोक भारतातही येते. ईबेचेच किजीजी इंडिया आपल्याकडे होते, त्याचे २००८ च्या सुमारास क्विकर झाले. सुरुवातीला ते जुन्या-नव्या वस्तूंच्या जाहिरातींचे सरळ पान होते. मग गुंतवणूकदारांचे पैसे आले, आणि घरे, नोकऱ्या, गाड्या, घरपोच सेवा असे एकामागून एक विभाग उघडले गेले. २०१६ मध्ये घरांच्या व्यवहाराची कॉमनफ्लोअर ही कंपनी विकत घेतली. एक काळ असा होता की टीव्ही लावला की क्विकर नाहीतर ओएलएक्स. आज तुमच्या घरात क्विकरचे नाव शेवटचे कधी निघाले, आठवून बघा. ओएलएक्सचेही तसेच एक वळण. ‘बेच दे’ म्हणत त्यांनी आपल्याला माळ्यावरच्या वस्तू खाली काढायला लावल्या, आणि पुढे स्वतःच जुन्या गाड्या विकत घेऊन विकायला लागले. २०२३ मध्ये भारतातला हा धंदा कारट्रेड कंपनीने सुमारे ५३७ कोटी रुपयांना घेतला. नव्या मालकांनी गाड्या घेऊन विकण्याचे काम बंद केले आणि जाहिरातींचे पान तेवढे ठेवले.

हे का झाले ते समजायला मोठे शिक्षण नको. दुसऱ्याची गाडी दाखवणे म्हणजे पाटी लावणे. गाडी विकत घेणे म्हणजे माल अंगावर घेणे. त्यात भांडवल अडकते, जागा लागते, तपासणारा मिस्त्री लागतो, आणि उभी गाडी रोज जुनी होते. अडत्या जर स्वतःच हळद घेऊन ठेवू लागला तर भाव पडण्याची काळजी शेतकऱ्याची राहत नाही, अडत्याची होते. ज्यांना जमते ते करतात, त्यांना माझा नमस्कार. पण पाटीचे काम चांगले चालले आहे म्हणून मालाचे कामही चालेल, असे नसते.

साधेपणाचे इतके गोडवे गायल्यावर त्याची दुसरी बाजू लिहिली नाही तर मीही डागाचा फोटो न टाकणारीच ठरेन. कोणीही यावे, काहीही लिहावे, असे मोकळे पान ठेवले की चोर-लबाडही येतात. क्रेग्सलिस्टवर नको त्या व्यवहारांच्या जाहिराती इतक्या झाल्या की अनेक राज्यांच्या महाधिवक्त्यांच्या दडपणानंतर २०१० मध्ये अमेरिकेतला तो विभाग त्यांना बंद करावा लागला. आणि २०१८ मध्ये नवा कायदा आल्यावर ओळखीपाळखीच्या जाहिरातीही बंद केल्या. वापरणाऱ्यांनीच वाईट जाहिरातीवर खूण करायची ही त्यांची पद्धत छोट्या लबाड्यांना पुरते, मोठ्यांना पुरत नाही.

आपल्याकडची लबाडी तर तुमच्यापैकी कितीतरी जणींना ठाऊक असेल. तुम्ही फ्रिज विकायला टाकता. पाच मिनिटांत फोन. बोलणारा म्हणतो, मी सैन्यात आहे, लांब आहे, बघायला येऊ शकत नाही, किंमत मान्य, पैसे आत्ता पाठवतो. मग तो एक चौकोनी कोड पाठवतो आणि म्हणतो, हा स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील. पिन टाकला की पैसे तुमच्याच खात्यातून जातात. पक्के लक्षात ठेवा, पिन लागतो तो पैसे देताना. घ्यायला कधीही लागत नाही. घासाघीस न करता, वस्तू न बघता, पहिल्याच फोनवर पूर्ण किंमत देणारे गिऱ्हाईक आजपर्यंत आमच्या दुकानात एकही आले नाही. क्रेग्सलिस्टचाही सल्ला हाच आहे की व्यवहार आपल्या गावात आणि समोरासमोर करा. फोनवर चालणाऱ्या धंद्याने गिऱ्हाइकाला ‘प्रत्यक्ष भेटा’ सांगावे हे विचित्र वाटेल, पण त्यात मोठे शहाणपण आहे. ही संकेतस्थळे शहराशहराची वेगळी असतात ती याचसाठी. वस्तू हाताने चाचपून बघता आली पाहिजे, आणि उद्या काही झाले तर माणूस त्याच गावात असला पाहिजे.

मला हे सगळे लिहायची निकड का वाटली तेही सांगते. २०१९ च्या पुरात आमच्या दुकानात पाणी शिरले. भांडी धुऊन निघतात, पण फर्निचर, वह्या, कुकर-मिक्सरचे खोके गेले. तेव्हा घरातली दोन कपाटे आणि सुनेचे लिहायचे टेबल आम्ही जुनेच घेतले, फोनवर बघून, मिरजेतून आणि जयसिंगपूरहून. त्यानंतर दुकान उभे राहिले खरे, पण लोक आता स्टीलचा डबासुद्धा घरी मागवतात. मुलगा काळजीत आहे, आणि त्याची काळजी खोटी नाही. दोन कामगारांचे संसार त्या दुकानावर आहेत. मागच्या महिन्यात एक सल्लागार येऊन गेला. दुकानाचे ॲप करायचे म्हणतो, चार लाख रुपये. त्यात गिऱ्हाइकाला नाणी मिळणार, चक्र फिरवून बक्षीस मिळणार, रोज सकाळी फोनवर सुप्रभात जाणार. मी विचारले, ‘‘यात पातेले किती लिटरचे आहे ते कुठे दिसेल?’’ तो म्हणाला, ‘‘काकू, ते डिस्क्रिप्शनमध्ये टाकू.’’

माझे मत मी मुलाला सांगितले आहे आणि इथेही मांडते. चार लाख ॲपमध्ये घालू नयेत. आमच्याकडे रोज पितळ-तांब्याची मोड येते. घंगाळे, बंब, हंडे, परात, जुनी पुरणयंत्रे. वजन होते, घट धरली जाते आणि माल वितळवायला जातो. त्यातल्या दहात दोन-तीन वस्तू तरी अशा असतात की आज तसे वजनदार पितळ नव्यात मिळत नाही. पुण्या-मुंबईच्या मुली तेच घंगाळ फुलझाड ठेवायला शोधत फिरतात आणि मिळेल त्या किमतीला घेतात. तर ही दोन-तीन भांडी बाजूला काढावी, घासून फोटो घ्यावा आणि एका साध्या पानावर लावावी. रोज जागा न बदलणाऱ्या. वजन ग्रॅमपर्यंत लिहावे, कारण वजन हीच आमची पत. चेपलेले कुठे आहे, डाग कुठे दिलेला आहे, आतून कल्हई करून घ्यावी लागेल की नाही, हे लिहावे. मोडीचा त्या दिवसाचा भाव आणि आमची किंमत दोन्ही शेजारी शेजारी लिहाव्या, म्हणजे वरचे पैसे घासण्या-निवडण्याचे आहेत हे गिऱ्हाइकाला दिसेल. आणि ज्यांच्याकडून मोड घेतली त्यांना आधी सांगावे की हे वितळवणार नाही, विकणार आहोत, हवे तर चार पैसे जास्त घ्या.

या शेवटच्या मुद्द्यावर मुलगा अडला आहे. म्हणतो, असे सांगितले तर प्रत्येक जण आपली फुटकी लोटीसुद्धा पुराणवस्तू म्हणून भाव मागेल. मागू दे. आमचे हे म्हणतात, मागितलेला भाव आणि मिळालेला भाव यांच्यामध्ये चहाचा कप असतो.

सुनेने परवा पहिली सहा भांडी काढून ओट्यावर मांडली. त्यातल्या तिघांवर नावे घातलेली आहेत, कोणाच्या तरी लग्नात कोणी तरी दिलेली, एकावर १९५८ साल. तिने विचारले, ‘‘आई, नावं घासून काढायची का?’’ मी म्हटले, काढू नकोस, फक्त नाव कोरलेले आहे एवढे लिही. फोटोत मात्र ते नाव वाचता येणार नाही असा कोन घे. ज्यांनी मोडीत घातले त्यांच्या घरचे नाव चारचौघांत कशाला.